शनिवारवाड्यातली हाक: एका भुताची तपासणी

भुताच्या बहुतेक गोष्टींना आगापिछा नसतो. कुठलीशी बाई विहिरीत पडली, कुणाचा तरी मुलगा झाडाला लटकला; साल विचारू नये, नाव विचारू नये. शनिवारवाड्याचं तसं नाही. इथे मेलेल्या माणसाचं नाव माहीत आहे, वय माहीत आहे, तिथी आणि वार माहीत आहे, मारेकऱ्यांची नावं माहीत आहेत. कुणाच्या हुकमाने मारलं याची चौकशी झाली आणि ती करणाऱ्या न्यायाधीशाचं नाव मराठी घरांत आजही आदराने घेतलं जातं. इतका कागदोपत्री पाया असलेलं भूत सहसा सापडत नाही. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून तपासावंसं वाटलं. त्या दिवशी घडलं काय, आज सांगितलं जातं काय, आणि दोहोंमध्ये किती अंतर पडलंय?

दावा

अमावास्येच्या रात्री वाड्याच्या आतून "काका, मला वाचवा" अशी हाक ऐकू येते, असा दावा आहे. काही जण पौर्णिमेची रात्र सांगतात. भूत दिसतं असं फारसं कुणी म्हणत नाही. पांढरी आकृती नाही, उलटे पाय नाहीत, केस मोकळे सोडलेली बाई नाही. ते कुणाला धरत नाही, कुणाच्या अंगात येत नाही, नारळ-कोंबडं मागत नाही.

गावाकडच्या भुतांचे आपल्याकडे ठरलेले प्रकार आहेत. मुंज झालेला पण लग्नाआधीच गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. वासना अडकून राहिलेला ब्राह्मण समंध होतो. पाण्याजवळ गिऱ्हा असतो, रानात चकवा लागतो. प्रत्येकाची जागा ठरलेली, मागणी ठरलेली, उतारा ठरलेला. नारायणराव पेशव्याचं हे भूत यातल्या कुठल्याच रांगेत बसत नाही. त्याच्यापाशी आहे ते फक्त एक वाक्य. पण त्या वाक्याच्या बळावर राजस्थानातलं भानगड आणि सुरतेजवळचा डुमासचा किनारा यांच्या पंगतीला शनिवारवाडा जाऊन बसलाय. देशातल्या झपाटलेल्या जागांची यादी कुणीही करो, त्यात त्याचं नाव असतंच.

घडलं ते

थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले. त्यांच्यामागे धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. त्याचा जन्म १० ऑगस्ट १७५५ चा, म्हणजे वस्त्रं मिळाली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. चुलते रघुनाथराव, ज्यांना सगळे राघोबादादा किंवा दादासाहेब म्हणत, ते त्याच वाड्यात नजरकैदेत होते. कैदी आणि कैदेत ठेवणारा एका छपराखाली, मध्ये काही चौक आणि काही दालनं. त्या घरात रोजचे दिवस कसे जात असतील, या विचाराने आजही जीव दडपतो.

३० ऑगस्ट १७७३, सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. गणपतीचे दिवस होते, अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवसावर आली होती. गारद्यांमध्ये, म्हणजे वाड्यावरच्या पगारी शिपायांमध्ये, काहीतरी शिजतंय याची कुणकुण नारायणरावाला सकाळीच लागली होती. त्याने हरिपंत फडक्यांना बंदोबस्ताला लागा म्हणून सांगितलं. हरिपंत जेवायला गेले आणि बंदोबस्त राहिला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच. कट करणाऱ्यांचं एक सोडा, पण ज्याला सांगितलं होतं तो माणूस निष्ठावंत होता, पुढेही निष्ठावंतच राहिला, आणि एका जेवणाच्या वेळेत सगळं हातचं गेलं.

दुपारच्या विश्रांतीच्या वेळी सुमेरसिंग, महंमद युसुफ आणि खरगसिंग हे गारद्यांचे म्होरके थकलेल्या पगाराची ओरड करत माणसं घेऊन वाड्यात घुसले. राघोबादादांच्या बाजूला वेगळं दार काढायचं काम चालू होतं. ते अर्धवट होतं, त्याचा बंदोबस्त झालेला नव्हता. वाट तिथूनच मिळाली. नारायणराव उठून पळाला तो थेट चुलत्याच्या दालनात. त्याने राघोबादादांना मिठी मारली आणि जीव वाचवा म्हणून गयावया केली. दादांनी गारद्यांना थांबवायचा प्रयत्न केला असं काही वृत्तांतांत आहे. पण सुमेरसिंग आता मागे फिरणार नव्हता. पेशवा जिवंत राहिला तर आपली मान जाणार, हे त्याला कळून चुकलं होतं. राघोबादादांचा खिदमतगार तुळाजी पवार याने नारायणरावाचा पाय धरून त्याला ओढलं. त्या क्षणी चाफाजी टिळेकर नावाचा हुजऱ्या धावला. त्याच्या हातात शस्त्र नव्हतं. त्याने धन्याला कवटाळलं आणि स्वतःचं अंग मध्ये घातलं. गारद्यांनी दोघांनाही तलवारींनी तोडलं.

अर्ध्या तासात अकरा माणसं गेली: सात ब्राह्मण, दोन मराठा चाकर, दोन दासी. शिवाय एक गाय. मेलेल्यांत इच्छाराम ढेरे होते, नारोबा नाईक होते. दासींची नावं मात्र सहसा कुणी सांगत नाही. रात्री उशिरा नारायणरावाचं प्रेत गुपचूप बाहेर काढून त्याला अग्नी दिला. ज्या दरवाज्यातून ते नेलं असं सांगतात, त्याला नारायण दरवाजा हे नाव पडलं.

रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली. धागे राघोबादादांपर्यंत पोचले. ज्यांचा ज्यांचा हात असल्याचं निष्पन्न झालं अशांची संख्या ४९ भरली, आणि त्यात गारदी होते तसे ब्राह्मण, प्रभू आणि मराठेही होते. हुकमातल्या 'धरावे'चं 'मारावे' राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी केलं ही गोष्ट तर शाळकरी पोरालाही पाठ असते; मात्र तो फेरफार केलेला कागद आज कुणाच्या हातात नाही, हेही त्याबरोबर सांगायला हवं. दादासाहेब पेशवे झाले होते, मसनदीवर होते, आणि त्यांच्या तोंडावर रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, अशी परंपरा आहे. मग रामशास्त्री पुणं सोडून वाईजवळच्या गावी निघून गेले. राघोबादादांविरुद्ध कारभाऱ्यांची एकजूट, म्हणजे बारभाईंचं कारस्थान, उभं राहिलं. नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर नेलं आणि १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मला. राघोबादादा इंग्रजांकडे गेले, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. एका दुपारच्या अर्ध्या तासाचं हे देणं मराठी राज्य पुढे कित्येक वर्षं फेडत होतं.

भुताचं वेळापत्रक

आता दावा या हकिकतीशेजारी ठेवून पाहू.

खून दुपारी झाला. भूत रात्री ओरडतं. खून शुद्ध त्रयोदशीला झाला. भूत अमावास्येला ओरडतं. पौर्णिमा धरली तर दोनच दिवसांचा फरक, पण ती पौर्णिमा भाद्रपदातली असावी असं कुणी म्हणत नाही. सांगणारे वर्षभरातली कुठलीही पौर्णिमा धरतात. आपल्याकडे मेलेल्या माणसाची आठवण तिथीने चालते. श्राद्ध तिथीला, पुण्यतिथी तिथीला, पितृपक्षातलं पान तिथीला. पुण्यातल्या माणसांनी ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली असती आणि तिच्यातून हे भूत उभं राहिलं असतं, तर त्याची रात्र भाद्रपद शुद्ध त्रयोदशी असायला हवी होती. ती रात्र एकाही सांगणाऱ्याच्या तोंडी मी ऐकलेली नाही. त्या दिवशी तर पुण्यात विसर्जनाच्या आदल्या दिवसाची गर्दी असते, वाड्याभोवतीच्या पेठा माणसांनी फुललेल्या असतात, ढोल-ताशे, आरत्या, देखाव्यांचे आवाज. एकट्या माणसाची हाक ऐकू यायला अख्ख्या वर्षात याहून अवघड रात्र सापडायची नाही.

अमावास्या आली ती भुतांच्या सामायिक कोठारातून. चेटूक, उतारा, स्मशान, सगळं अमावास्येला. मग हेही अमावास्येला.

वयाचंही असंच. गोष्टीतला नारायणराव पोर असतो. कुणी तेरा वर्षांचा म्हणतं, कुणी सोळाचा. खरा नारायणराव अठरा पूर्ण करून वीस दिवस झालेला, लग्न झालेला, बाप होऊ घातलेला आणि नऊ महिने राज्याचा कारभार पाहिलेला माणूस होता. तो तापट होता, कारभाऱ्यांना आणि सरदारांना दुखवून बसला होता, हे समकालीनांच्या लिहिण्यात येतं. त्याला लहान केलं की सगळा हिशेब सोपा होतो: एक निष्पाप लेकरू, एक दुष्ट काका, एक कपटी काकू. राज्यकारभार, थकलेला पगार, ४९ माणसं, हे सगळं पुसलं जातं.

आणि जागा. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावाने वाड्याचा पाया घातला, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली, बांधकामाला १६,११० रुपये लागले असं सांगतात. पुढच्या पेशव्यांनी त्यात भर घातली. पण ज्या दालनांत नारायणराव पळाला ती लाकडी होती. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि ती आठवडाभर धुमसत राहिली. तट, दरवाजे, नगारखाना उरले; आतलं बहुतेक सगळं जळून गेलं. आज दिल्ली दरवाज्याच्या दिंडीतून वाकून आत गेलं की समोर हिरवळ, हौद, कारंज्यांची कुंडं आणि दगडी जोती दिसतात. जोत्यावर उभं राहून इथे अमुक महाल होता म्हणायचं, एवढंच हातात राहतं. जिना नाही, माडी नाही, दार नाही. ज्या दालनात हाक मारली गेली त्याची एक तुळईसुद्धा शिल्लक नाही.

ऐकलं कुणी?

मी हा प्रश्न कसबा पेठेत, शनिवार पेठेत, नदीपलीकडे, जिथे विषय निघेल तिथे विचारत आलोय. उत्तर जवळजवळ एकाच साच्याचं येतं. एकदा वाड्याजवळच्या एका चहाच्या दुकानात साठीच्या पुढचे एक गृहस्थ अगदी ठामपणे सांगत होते.

"अहो, येतो आवाज. शंभर टक्के येतो."

"काका, तुम्ही स्वतः ऐकलाय?"

"मी नाही. आमच्या थोरल्या बंधूंच्या ऑफिसात एक जण होते, त्यांच्या मेव्हण्याने ऐकलाय."

"ते कुठे उभे होते?"

"ते काय मला माहीत नाही. पण उगाच कोण कशाला सांगेल?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी ऐकलं होतं ते विश्वासाने पुढे दिलं. पण या साखळीत ऐकणारा माणूस कायम दोन-तीन नाती पलीकडे असतो, आणि तिथवर पोचलं की तोही कुणाचा तरी हवाला देतो. तेच गृहस्थ पुढे जे म्हणाले ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. लहानपणी ते आणि त्यांचे मित्र संध्याकाळी तटाशी जाऊन स्वतःच ओरडायचे आणि पळत सुटायचे. ही हाक आजही वाड्यात ऐकू येते, आणि ती भर दिवसा येते. शाळांच्या सहली येतात, एखादा मुलगा जोत्यावर चढून "काका, मला वाचवा" ओरडतो, बाकीची पोरं हसतात, बाई रागावतात. मराठी माणूस ते वाक्य घरातल्या थट्टेतही सहज वापरतो. हे वाक्य वाड्यात हवेसारखं भरून राहिलंय, त्याला कुणा मेलेल्या माणसाने म्हणायची गरज उरलेली नाही.

नारायणराव नेमकं काय म्हणाला हेही पाहायला हवं. चुलत्याला मिठी मारून त्याने जीव वाचवण्याची विनवणी केली, एवढं घटनेच्या वृत्तांतांतून येतं. ते नेमके शब्द लिहून घ्यायला तिथे कुणी कारकून बसलेला नव्हता. आज आपण म्हणतो ते तीन शब्दांचं वाक्य घडलं ते बखरी, कीर्तनं, शाळेची पुस्तकं आणि रंगभूमी यांच्या वापरातून. कृ. प्र. खाडिलकरांनी १९०९ मध्ये याच प्रकरणावर 'भाऊबंदकी' लिहिलं. राघोबा, आनंदीबाई आणि रामशास्त्री ही त्रयी त्यानंतर कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांपुढे रंगमंचावरच्या रूपात उभी राहिली. रात्री ऐकू येणारी हाक इतकी नेमकी, इतकी घासूनपुसून तयार झालेली असते, यावरूनच तिचा उगम कळतो.

मग रात्री काहीच ऐकू येत नाही का? येतं. वाड्याच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर मुठा नदी आहे. थंडीच्या दिवसांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, तेव्हा आवाज वर विरून न जाता खाली वळतात आणि दिवसा जिथवर पोचत नाहीत तिथवर पोचतात. पलीकडच्या काठावरचं बोलणं, एखादी हाळी, कुत्र्याचं विव्हळणं, सगळं जवळ आल्यासारखं वाटतं. जुन्या भिंतींच्या कपारींत राहणारं गव्हाणी घुबड ओरडतं तेव्हा माणसाच्या अंगावर काटा येतो. ती घुबडाची परिचित घूघू नसते, लांबट, फाटलेली किंकाळी असते. माजावर आलेल्या मांजरांचा आवाज तान्ह्या मुलासारखा वाटतो हे तर घरोघरी माहीत आहे. वाड्यात पेशवाईचा इतिहास सांगणारा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रमही संध्याकाळी होत आलाय, ध्वनिक्षेपकावरचे आवाज तटाबाहेर जातातच. जवळच ओंकारेश्वराच्या घाटावर पूर्वी स्मशान होतं. तिथून कितीतरी रात्री खरोखरीचं रडणं आलं असेल.

अर्धवट आवाजात कान ओळखीचा शब्द शोधतो, आणि शनिवारवाड्याच्या तटाशी उभ्या असलेल्या मराठी माणसाच्या डोक्यात कुठला शब्द आधीपासून तयार असणार, हे सांगायला नको. ज्याला ही गोष्ट माहीत नाही अशा परप्रांतातल्या माणसाने त्या तटाशी उभं राहून ते मराठी वाक्य ऐकल्याचं माझ्या तरी कानावर आलेलं नाही.

वाडा संध्याकाळी बंद होतो, याचाही लोक पुरावा करतात. काहीतरी असल्याशिवाय बंद कसा ठेवतील? भानगडला सूर्यास्तानंतर प्रवेशबंदीची पाटी आहे, तिचाही असाच अर्थ लावला जातो. संरक्षित स्मारकं अंधार पडल्यावर बंद करणं हा पुरातत्त्व खात्याचा सर्वसाधारण रिवाज आहे. मोडकळीला आलेली जोती, उघडे हौद, चोरी, दारूच्या पार्ट्या यांच्यासाठी तो पुरेसा आहे.

भूत आधी राहायचं दुसरीकडे

इथवरचं पुष्कळ जणांनी या ना त्या रूपात मांडलेलं आहे. मला या प्रकरणात खरं गुंतवलं ते एका जुन्या आख्यायिकेने. तिच्यात नारायणरावाचं भूत आहे, पण ते वाड्यात नाही. ते दुसऱ्या बाजीरावाच्या मागे लागलेलं आहे. दुसरा बाजीराव म्हणजे राघोबादादा आणि आनंदीबाईंचा मुलगा, खुनानंतर सुमारे सोळा महिन्यांनी, जानेवारी १७७५ मध्ये धारला जन्मलेला. त्याने स्वतः काही केलेलं नव्हतं, पण ज्या गादीसाठी खून झाला ती शेवटी त्याच्याकडे आली. आख्यायिका अशी की नारायणरावाचा पिशाच्चबाधेचा त्रास निवावा म्हणून बाजीरावाने दानधर्म केला, देवदेव केले, पुण्याच्या आसपास आंब्याची प्रचंड लागवड करवली. त्याचा जीव शनिवारवाड्यापेक्षा दुसऱ्या वाड्यांत जास्त रमायचा आणि विश्रामबागवाडा त्याने स्वतःसाठी उभारला, ही तर इतिहासातली गोष्ट आहे. त्यामागे भीती होती की नुसती आवड, हे त्याचं त्याला माहीत.

या जुन्या भुताचा पत्ता पाहा. ते जागेला चिकटलेलं नाही, घराण्याला चिकटलेलं आहे. ज्यांनी मारलं त्यांच्या पुढच्या पिढीकडून ते काहीतरी मागतं, आणि देणारा झाडं लावून, दान देऊन ते फेडू पाहतो. रामशास्त्र्यांनी सांगितलेली शिक्षा कधी अंमलात आली नाही. राघोबादादा १७८३ मध्ये कोपरगावला आपल्या मरणाने गेले. न्याय झाला नाही ही टोचणी त्या काळच्या पुण्याच्या मनात होती, आणि भुताच्या रूपाने ती योग्य दारात जाऊन बसली होती. ते भूत कुणाला घाबरवण्यासाठी नव्हतं. ते वसुलीसाठी होतं.

नोव्हेंबर १८१७ मध्ये वाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. पुढच्या वर्षी बाजीराव शरण जाऊन बिठूरला गेला. ज्याच्याकडून वसूल करायचं तोच पुण्यातून गेला. वाडा रिकामा झाला आणि इंग्रजांनी त्याचा वापर तुरुंग, दवाखाना आणि वेड्यांचं इस्पितळ असा केला. हे वाचलं तेव्हा मी थबकलो. म्हणजे त्या आठ-दहा वर्षांत शनिवारवाड्यातून रात्री-अपरात्री माणसांच्या किंकाळ्या येत होत्या, आणि त्या जिवंत माणसांच्या होत्या. कैद्यांच्या, आजाऱ्यांच्या, ज्यांना कुणी समजून घेत नव्हतं अशा वेड्यांच्या. तटाबाहेरून जाणाऱ्या पुणेकराने त्या ऐकल्या असतील आणि त्याच्या मनात पेशव्यांचीच आठवण असेल. मालकाविना राहिलेलं भूत जागेत मुरलं ते याच काळात, असा माझा तर्क आहे. पुराव्याने बांधलेला तो नाही, पण घटनांचा क्रम त्याला पोषक आहे. मग आग लागली, अवशेष उरले, आणि अवशेषांत भूत लोकांना नेहमीच पटतं.

बाकीचे गप्प का?

याच वाड्यात २५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. वय एकवीस. बापाचं तोंड कधी न पाहिलेला, नाना फडणवीसांच्या कडक देखरेखीखाली वाढलेला, एकुलता एक पेशवा. त्याने उडी टाकली की तोल गेला, यावर आजही वाद होतो. शोकांतिका म्हणून बापापेक्षा तसूभरही कमी नाही. त्याचं भूत कुठे आहे? त्याच्या तोंडी लोकांना पाठ होईल असं वाक्य नाही, म्हणून भूतही नाही.

चाफाजी टिळेकर वाचवायला धावला, त्याचं भूत नाही. त्या दोन दासी कुठल्या दालनात, काय करत असताना मारल्या गेल्या हे कुणाला ठाऊक नाही, त्यांचंही नाही. आणि गोपिकाबाई? विश्वासराव पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी गेला, माधवराव क्षयाने गेला, नारायणराव तलवारीने. तीन मुलगे गमावून ती नाशिकजवळ गंगापूरला आणखी बरीच वर्षं जगली. या प्रकरणातलं सर्वांत मोठं दुःख कुणी भोगलं म्हणाल तर तिने. तिच्या रडण्याची दंतकथा पुण्याने केली नाही.

शनिवारवाड्याचं भूत कुणाचं नुकसान करत नाही, असं म्हणता येईल. त्याच्या नावावर कुणी मांत्रिक पोट भरत नाही, कुणाला भूत लागलं म्हणून चाबकाने मारत नाहीत. गावोगावी हे घडतं, त्यासाठीच महाराष्ट्रात २०१३ च्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला सकाळी खून झाला तो विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, म्हणजे शनिवारवाड्यापासून चालत काही मिनिटांवर. तरीही निरुपद्रवी म्हणून हे भूत सोडून द्यावं असं मला वाटत नाही. कारण त्याने एका खुनाच्या खटल्याची जागा घेतली आहे. वाडा पाहायला आलेल्या माणसाला हाक माहीत असते, पण रामशास्त्र्यांनी चौकशी केली होती हे कितीदा सांगावं लागतं. गारद्यांचा पगार थकला होता, दाराचं काम अपुरं होतं, हरिपंत जेवायला गेले होते, हे तर बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं. ऐकल्यावर मात्र लोक जागचे हलत नाहीत. अमावास्येच्या गोष्टीला मान डोलावणारी कॉलेजची मुलं त्या दुपारची हकिकत ऐकताना प्रश्न विचारू लागतात: पहारेकरी कुठे होते, दादांनी मिठी सोडवली की ती सुटली, त्या दासींची नावं कुठेच का नाहीत.

म्हणून वाड्यात वाट दाखवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. मुलांना नारायण दरवाज्यापाशी नेऊन हाक मारून दाखवण्याऐवजी जोत्यांवरून त्या दुपारची वाट चालवून दाखवा, दालनांच्या जागा नक्की ठाऊक नसतील तर तसं सांगून चालवा, आणि नारायणरावाचं नाव घ्याल तेव्हा चाफाजी टिळेकरांचंही घ्या.